जिंतूरची धार आणि रंगाचा डबा

फाल्गुनात पळस फुलला की जिंतूरच्या डोंगरात जाण्याची तजवीज करावी, ही सूचना आमच्या वाचकांपैकी अनेकांना, विशेषतः ज्यांची पावले दर शनिवारी घाटमाथ्याकडे आपसूक वळतात त्यांना, थट्टेची वाटण्याचा संभव आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे ऐटीत म्हणणाऱ्या या जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काळ्या, सपाट शिवाराचाच अंमल. डोंगर म्हणावे ते दक्षिणेस गंगाखेडकडे बालाघाटाचे आणि उत्तरेस जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे पसरत गेलेले फाटे. उंची बेताची, कड्यांची कीर्ती नाही. तथापि मोहिमेच्या म्होरक्याची जी परीक्षा या बुटक्या धारांवर होते, ती गर्दीने मळलेल्या गडवाटांवर होत नाही, असे आमचे मत बनत चालले आहे.

जिंतूरपासून सुमारे ३ किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी या दोन टेकड्या आहेत. नेमगिरीवरील जैन लेण्यांची दारे इतकी ठेंगणी की भल्याभल्यांना कमरेत वाकून आत शिरावे लागते, आणि आत एका लहानशा दगडावर सारा भार तोलून असलेली पार्श्वनाथांची प्रचंड मूर्ती पाहताना, मघापर्यंत बडबडणारी मंडळी आपोआप गप्प होतात. येथवरची वाट यात्रेकरूंच्या वहिवाटीची. तिच्यावर म्होरक्याने माणसे मोजावीत, पादत्राणे कोठे काढायची ते सांगावे, की त्याचे काम संपले. खरे काम सुरू होते ते ही वाट मागे टाकून, वनखात्याची परवानगी खिशात घेऊन, बिनवाटेच्या धारेला लागल्यावर.

सर्वेक्षण खात्याच्या ५६ए/१० या पत्रकावर समोच्च रेषांमधले अंतर २० मीटरचे आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक असते. परंतु त्याचा अर्थ पायांना कळावा लागतो. हा मुलूख लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. कठीण काळ्या पाषाणाचा थर उभा तुटतो आणि त्याखालचा, गारगोट्यांनी भरलेला मऊ थर झिजून उताराचा होतो, म्हणून सोंड दुरून सौम्य दिसली तरी जवळ गेल्यावर जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची निघते. आणि पाचसहा मीटरांचा कातळ दोन रेषांच्या मध्ये असा दडून बसतो की नकाशात त्याचा मागमूस नसावा. एकदा अशाच एका सोंडेवरून, नकाशावर भरवसा ठेवून, आम्ही तुकडीसह निर्धास्त उतरत गेलो आणि दोन पुरुष उंचीच्या कातळाच्या ओठावर येऊन उभे राहिलो. मुरमावरचा घसारा पायाखाली सुटत होता, मोज्यांत कुसळे रुतली होती, आणि ऊन चढू लागले होते. खालच्या लवणातून शेळ्या हाकणाऱ्या एका म्हाताऱ्याने काठीने डावीकडे खूण करून, 'तिकडून उतरा, ढोरं उतरत्यात', एवढेच सांगितले. शंभर पावलांवर घळ होती, आणि तिच्यात वाळलेल्या शेणाचा माग लागलेला होता. ती आम्हांस आधी दिसायला हवी होती.

या प्रसंगानंतर तुकडीतील एका उत्साही तरुणाने त्या घळीच्या तोंडाशी पांढरा बाण रंगवण्याची परवानगी मागितली. हेतू सद्भावनेचा होता, हे मान्य. स्वित्झर्लंडमध्ये साध्या वाटेला पिवळी खूण, डोंगरवाटेला पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा आणि अवघड वाटेला पांढरा-निळा-पांढरा, असा पक्का शिरस्ता आहे. पण तेथे रंगामागे जबाबदार यंत्रणा असते, दरड कोसळली की वाट बदलते आणि खूणही बदलते. आपल्याकडे बाण रंगवणारा पुन्हा फिरकत नाही. पावसाळ्यात घळ वाहून जाते, बाण मात्र कातळावर वर्षानुवर्षे चुकीचा हुकूम देत राहतो. शिवाय जी वाट गुराख्याच्या गुरांनी पाडली तिच्यावर आपली मोहोर उठवण्याचा अधिकार आपणास कोणी दिला? नेमगिरीसारख्या वहिवाटीच्या वाटेवर पाट्या असाव्यात, त्या ठळकही असाव्यात; धारेवर मात्र रंगाचा थेंबही नको, हे आमचे स्पष्ट मत आहे.

राहिली हंगामाची गोष्ट. पळसाच्या फुलांनी भुलून चैत्र उजाडेपर्यंत रेंगाळू नये. साग तोवर निष्पर्ण होतो, सावली अशी उरत नाही आणि ओढ्यांची पात्रे कोरडी पडतात. उजाडण्यापूर्वी निघून दहाच्या आत धार सोडावी, माणशी ४ लिटर पाणी जवळ असावे. वाळल्या गवतात विडी वा चूल पेटवू नये, आणि कड्याला आग्यामोहोळ दिसले की धूर, अत्तर आणि आरडाओरड तिन्ही वर्ज्य.

या हंगामात जिंतूरकडे जाणाऱ्या म्होरक्यांनी आपली टिपणे आमच्याकडे अवश्य धाडावीत. वेळ, पाण्याची जागा आणि जेथून माघार घ्यावी लागली ती जागा, एवढे त्यांत न लाजता नोंदवलेले असावे. माघारीची टिपणे आम्ही आधी छापू.