शुगर मोजली, पण उपचार मोजले का?

आमच्या मोहल्ल्यात दर दोन-चार महिन्यांनी कुठे ना कुठे मोफत मधुमेह तपासणी शिबिर होते. बॅनर लागतो, पाहुण्यांचे सत्कार होतात, बोटाला सुई टोचून शुगर पाहिली जाते आणि दुसऱ्या दिवशी इतक्या लोकांनी लाभ घेतला अशी बातमी येते. लोक तपासले जातात ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्यांची शुगर वाढलेली निघाली, त्यांचे वर्षभरानंतर काय झाले, हे कोणत्याच बातमीत नसते.

मी शिक्षक आहे. पटावर साठ मुले आहेत म्हणजे साठ मुले शिकली असे होत नाही, हे आम्हा शिक्षकांना कोणी सांगावे लागत नाही. दवाखान्याचेही तसेच आहे. केसपेपर किती निघाले हा पट झाला, निकाल नव्हे.

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाने २०२३ मध्ये भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. हा आकडा सर्वत्र गाजला. याच अभ्यासातली आधीच्या वर्षी आलेली माहिती मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना माहीत होते, त्यांच्यापैकी फक्त ३६.३ टक्के लोकांची साखर नीट आटोक्यात होती. साखर, रक्तदाब आणि घातक कोलेस्टेरॉल या तिन्ही गोष्टी आटोक्यात असलेले तर अवघे ७.७ टक्के, म्हणजे तेरा रुग्णांत एक.

मग उरलेले बारा कुठे चुकले? आपण लगेच रुग्णाला दोष देतो. गोड खातो, चालत नाही, गोळ्या विसरतो. हे काही अंशी खरेही असेल. पण त्याचे पाय शेवटचे कोणी तपासले? डोळ्यांचा पडदा कोणी पाहिला? लघवीतून प्रथिने जातात का, हे कधी बघितले? अनेकांच्या फाइलीत वर्षानुवर्षे उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर एवढे दोनच आकडे असतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३-०४ पासून मधुमेहाच्या उपचारांचे राष्ट्रीय ऑडिट होते. त्याचा गाभा साधा आहे. प्रत्येक रुग्णाच्या वर्षातून आठ गोष्टी झाल्या की नाही ते पाहायचे: तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडासाठी रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील अल्ब्युमिन, पायांची तपासणी, वजन-उंचीचे प्रमाण आणि धूम्रपानाची नोंद. डोळ्यांच्या तपासणीची व्यवस्था वेगळी आहे. ही माहिती दवाखान्याच्या संगणकात असलेल्या नोंदींतूनच घेतली जाते आणि भागाभागाचे निकाल जाहीर होतात. त्यातूनच कळले की तरुण रुग्णांच्या आणि टाइप १ मधुमेह असलेल्यांच्या तपासण्या इतरांपेक्षा जास्त राहून जातात. मोजले नसते तर हे कोणाला दिसले असते?

आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना एक उदाहरण पुरेसे आहे. उच्च रक्तदाबासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उपक्रमात, ज्यात पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्रही होता, नोंदवलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा दाब खरोखर आटोक्यात आला हे मोजले जाते. सरकारने २०२३ मध्ये ठरवले की २०२५ पर्यंत रक्तदाब आणि मधुमेहाच्या ७.५ कोटी रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणायचे. प्रमाणित उपचार मिळाले की नाही, हे फक्त वाटलेल्या गोळ्यांवरून कसे कळणार?

एक भीती मात्र रास्त आहे. ऑनलाइन माहिती भरता भरता शिकवायचे राहून जाते, हे आम्ही शाळेत रोज भोगतो. परिचारिका आणि आशाताईंवर तसलाच आणखी एक बोजा नको. शिवाय आकडा कमी आला की नोटीस, असे झाले तर आकडे खोटे येतील. ऑडिट शिक्षेसाठी नको, उणीव शोधण्यासाठी हवे. पायाची संवेदना पाहणारा नायलॉनचा धागा दवाखान्यात नसेल तर तो दोष नर्सचा नाही, पुरवठ्याचा आहे. ते कागदावर दिसायला हवे.

आपल्या वस्त्यांसाठी मी एक रकाना वाढवेन: रमजानपूर्वीचा सल्ला. रोजे ठेवू इच्छिणाऱ्या मधुमेहींनी सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. गोळी-इन्सुलिनच्या वेळा बदलाव्या लागतात, काहींना रोजा न ठेवण्याचाच सल्ला द्यावा लागतो. किती जणांना तो मिळतो? आणि त्यांना समजेल अशा भाषेत मिळतो का?

शासन करील तेव्हा करील. तोवर जमातखाना, मंडळ, ट्रस्ट, जे कोणी शिबिर भरवतात त्यांनी एवढे करावे: आलेल्या प्रत्येक रुग्णाला या तपासण्यांचे साधे कार्ड द्यावे, मराठीत आणि उर्दूत. आणि पुढचे शिबिर भरवण्याआधी मागच्या शिबिरातल्या किती जणांचे रकाने भरले, ते मोजावे. बातमी द्यायचीच असेल तर त्या आकड्याची द्यावी.