हॉटेल गेलं, हॉस्टेल आलं. कामगार कुठे गेला?

अमेरिकेत बोस्टन शहरात, चार्ल्स नदीजवळ बे स्टेट रोडवर किलाचंद हॉल नावाची इमारत आहे. आज तिथे बोस्टन विद्यापीठाची मुलं राहतात. 1923 साली ती हॉटेल म्हणून उभी राहिली आणि पुढे शेल्टन हॉटेल म्हणून ओळखली गेली. नोबेल मिळालेला नाटककार युजीन ओ'नील 1953 मध्ये तिथेच वारला. जन्मही त्याचा हॉटेलातलाच, न्यूयॉर्कच्या. पुढच्याच वर्षी विद्यापीठाने इमारत घेतली.

आताचं नाव राजेन किलाचंद यांचं. दुबईच्या डोडसाल समूहाचे हे प्रमुख त्याच विद्यापीठात शिकले आणि 2011 मध्ये त्यांनी अडीच कोटी डॉलर दिले. आखातातल्या आपल्या वाचकांना डोडसाल हे नाव नवीन नाही.

जुनी वास्तू पाडली नाही, मुलांना छप्पर मिळालं, हे चांगलंच झालं. पण हॉटेलात रोज चादर बदलावी लागते, हॉस्टेलात पोरगा आपली गादी आपणच घालतो. म्हणजे भिंती तशाच राहतात आणि हाऊसकीपिंग, बेलबॉय, रूम सर्व्हिसची कामं जातात. ओ'नीलची खोली लोक अजून विचारतात. ती झाडणारी बाई कोण होती, हे कोण विचारणार?

निदान आता तिकडे थोडा कायदा आहे. 1988 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर किंवा जास्त कामगारांच्या मालकाला टाळं लावायच्या 60 दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. कोरोनात बंद पडलेल्या मोठ्या हॉटेलांना न्यूयॉर्क शहराने 2021 मध्ये सांगितलं: कामगाराला आठवड्याला 500 डॉलर द्या, जास्तीत जास्त 30 आठवडे. हे कुणी दयेने दिलं नाही, मागे हॉटेल कामगारांची दांडगी युनियन होती.

आपल्याकडे, म्हणजे यूएईत, युनियन नाही. दुबई-अबुधाबीतही हॉटेलं विकली जातात, फ्लॅट होतात, स्टाफ क्वार्टर होतात. तेव्हा मॅनेजर गोड बोलून एक कागद पुढे करतो, "भाऊ, फक्त सही कर." तो राजीनामा असेल तर सही करू नका! काम मालकाने बंद केलंय, तुम्ही सोडलेलं नाही. राजीनामा दिलात तर नोटीसचा पगार मागायला तोंड उरत नाही. यूएईत नोटीस किमान 30 दिवसांची. ग्रॅच्युइटी वर्षभर काम झाल्यावर लागू होते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे 30 दिवसांचा. काम संपल्यापासून 14 दिवसांत सगळा हिशेब हातात पडला पाहिजे. आणि हिशेब मूळ पगारावर होतो, भत्त्यांवर नाही, म्हणून करारात 'बेसिक' किती लिहिलाय ते आजच बघून घ्या. कराराचा फोटो गावी बायकोच्या नाहीतर भावाच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा.