आमच्या घरात गणित नाही?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेत प्रवेश का घेतला, असे कोणी विचारले की आपल्यापैकी पुष्कळ जण 'वाङ्मयाची आवड' असे उत्तर देतात. गेल्या वर्षी मीही तेच उत्तर दिले होते. ते अर्धे खरे होते. उरलेले अर्धे असे, की मला गणिताची भीती वाटत होती आणि इकडे आल्यावर ते पुन्हा भेटणार नाही अशी माझी समजूत होती.

या भीतीचा दिवस मला आठवतो. नववीत मला फळ्यासमोर उभे केले होते. उदाहरण नाण्यांचे होते. "पाच रुपयांची नाणी एक्स मानू," एवढे लिहून मी थांबले आणि विचारले, "नाणी किती ते माहीतच नाही, मग मानायची कशी?" वर्ग हसला. शिक्षक म्हणाले, "तुमच्या घरातच गणित नाही, त्याला तू तरी काय करणार!" कदाचित ते सहज बोलून गेले असतील. पण माझे वडील हमाली करतात, आई आठवडे बाजारात पालेभाजी विकते, आणि माझ्याआधी आमच्या घरात कोणी दहावीपर्यंत पोहोचलेले नाही. त्यामुळे ते वाक्य मला खरे वाटले आणि पुढे चार वर्षे खरेच वाटत राहिले.

आता माझा धाकटा भाऊ दहावीत आहे. सहामाहीत तो गणितात नापास झाला. "ताई, मार्चमध्ये पण हेच होणार. त्यापेक्षा मी गॅरेजात जातो," असे तो दिवाळीच्या सुट्टीत म्हणू लागला. वडिलांनाही ते फारसे वावगे वाटत नव्हते. एका संध्याकाळी तो असेच एक उदाहरण घेऊन बसला होता: 'एका पिशवीत २ रुपयांची व ५ रुपयांची मिळून ६० नाणी आहेत. त्यांची एकूण किंमत २०४ रुपये आहे. तर प्रत्येक प्रकारची नाणी किती?' त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. आई शेजारी मेथीच्या जुड्या बांधत होती. ती म्हणाली, "वाच बघू पुन्हा."

त्याने वाचले. आई म्हणाली, "सगळी दोनाचीच हायेत असं धर. किती झाले? एकशेवीस. पिशवीत तर दोनशे चार हायेत. वरचे चौऱ्याऐंशी कुठनं आले? दोनाच्या जागी पाचाचं नाणं आलं की तीन रुपये वाढतात. चौऱ्याऐंशीत तीन किती वेळा? अठ्ठावीस. मग अठ्ठावीस पाचाची, राहिली बत्तीस दोनाची. एवढ्यासाठी शाळा सोडतोस व्हय?"

आई दुसरीपर्यंत शिकलेली आहे. हे कुठे शिकलीस, असे विचारल्यावर ती हसली. सकाळी तिची जुडी १५ रुपयांना जाते. उन्हे कलली की तीच १० रुपयांना द्यावी लागते. संध्याकाळी किती जुड्या गेल्या हे ठाऊक असते, कमरेच्या पिशवीतली रक्कमही मोजता येते. पण सकाळच्या भावाने किती गेल्या याची नोंद कोण ठेवणार? ८० जुड्यांचे १,०५० रुपये आले, तर सगळ्या दहाने गेल्या असे धरायचे. ८०० होतात. वरच्या २५० मध्ये पाच ५० वेळा जातात, म्हणजे ५० जुड्या सकाळच्या भावाने गेल्या. 'नाणी मोजणाऱ्याला नाण्यांचे प्रकार दिसले नाहीत काय?' असे म्हणून आपण या उदाहरणांची थट्टा करतो. ज्याला एकूण नग आणि एकूण पैसे एवढेच कळतात, त्याला ती थट्टेची वाटत नाहीत.

त्या रात्री मी भावाचे पुस्तक उघडले. पुस्तकात इंग्रजी एक्स असतो, मी येथे 'क्ष' लिहिते. पाचाची नाणी क्ष मानली तर दोनाची ६० − क्ष. मग ५क्ष + २(६० − क्ष) = २०४. कंस सोडवला की ५क्ष + १२० − २क्ष = २०४, म्हणजे ३क्ष = ८४, म्हणून क्ष = २८. आईचे बोलणे ओळीओळीने समोर होते. १२० म्हणजे तिचे 'सगळी दोनाची', ३ म्हणजे एका नाण्याने होणारी वाढ, ८४ म्हणजे वरची रक्कम. आई 'धर' म्हणते, पुस्तक 'मानू' म्हणते. नववीत मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते: जे माहीत नाही त्याला आधी नाव द्यायचे, आणि नाव दिले की त्याच्याशी हिशेब करता येतो.

हा काही आपल्याला नवा विचार नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा 'लीलावती' हा भाग नाण्यांच्या कोष्टकानेच सुरू होतो: २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत आपला रुपयाही १६ आण्यांचाच होता. एखादी संख्या धरून चालण्याची रीत त्याच ग्रंथात 'इष्टकर्म' या नावाने आहे. आईची रीत तिच्याच नात्यातली. त्यांच्या 'बीजगणिता'त अज्ञात संख्येला 'यावत्तावत्', म्हणजे जितके असेल तितके, असे नाव आहे. एकाहून अधिक अज्ञाते असली की काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे येतात. आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे त्यात नोंदलेले आहे.

परंतु आईची रीत पुरेशी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी भावाने पुढचे उदाहरण वाचले: 'दोनाची नाणी पाचाच्या नाण्यांच्या दुपटीपेक्षा ३ ने जास्त, एकूण रक्कम १२३ रुपये.' आई दोनदा अडखळली आणि म्हणाली, "असं कुणी ठेवतं का?" भावाने लिहिले, ५क्ष + २(२क्ष + ३) = १२३. मग ९क्ष = ११७, क्ष = १३. पाचाची १३, दोनाची २९. पाच मिनिटांत त्याने ते सोडवले आणि आईला ताळा करून दाखवला. हे अक्षराचे सामर्थ्य आहे. तोंडी रीत नेहमीच्या वाटेवर पटकन पोहोचवते. अनोळखी वाटेवर लिहिलेले समीकरण उपयोगी पडते.

उलट दोषही पाहा. पहिल्या उदाहरणात २०४ ऐवजी २०५ छापले गेले तर? आमच्यासारखे विद्यार्थी २८.३३ असे उत्तर लिहून मोकळे होतील. आईला मी मुद्दाम २०५ सांगून पाहिले. ती लगेच म्हणाली, "मोजणी चुकली." नाणे अर्धे होत नाही हे ती विसरत नाही. आम्ही एक्समागचे नाणे विसरतो, कारण ते आम्हाला कोणी दाखवलेलेच नसते.

म्हणून माझे मत असे आहे, की पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलांच्या घरात गणित नसते ही समजूत चुकीची आहे. गणित असते, त्याची लिपी नसते. शिक्षकांनी मुलाला आधी तोंडी सोडवू द्यावे आणि मग त्याचेच बोलणे चिन्हांत उतरवून दाखवावे. तसे केले तर निम्मी भीती तिथेच संपेल, असे मला वाटते. शाळा सोडण्याचे कारण नेहमी गरिबीच असते असे नाही. पुष्कळदा 'हे आपले नव्हे' ही भावनाही असते.

प्राध्यापकवर्गाला आणि मित्रमैत्रिणींना माझी एक विनंती आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. ते चांगलेच आहे. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन संध्याकाळी जवळच्या वस्तीत नववी-दहावीच्या मुलांसाठी गणिताचा वर्ग चालवता येईल. तो कला शाखेच्या आम्हीच चालवावा, कारण कोठे अडते हे आमच्याइतके कोणाला ठाऊक? मी माझे नाव आधीच देत आहे.

हा अंक हाती येईल तेव्हा माझ्या भावाची परीक्षा होऊन गेलेली असेल. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. सध्या तो रोज संध्याकाळी आईला एक उदाहरण वाचून दाखवतो. ती तोंडी सोडवते, तो वहीत मांडतो, आणि दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर मी निवाडा करायला बसते.