भय आणि अद्भुत

भयकथा व अद्भुतकथा वाचण्याचा आम्हांस छंद आहे. अलीकडील दोन इंग्रजी कादंबऱ्यांविषयी आमचे प्रांजळ मत येथे देत आहोत.

सिल्विया मोरेनो-गार्सिया यांची ‘मेक्सिकन गॉथिक’ (२०२०) ही १९५० च्या मेक्सिकोत घडते. चांदीच्या खाणीवर धनवान झालेल्या इंग्रज घराण्याचा वाडा बुरशीने ग्रासलेला आहे. पण खरे भय बुरशीचे नसून वंशशुद्धीच्या अहंकाराचे आहे, हे लेखिकेने नेमके दाखविले. मात्र पूर्वार्ध रेंगाळतो, आणि शेवटी किळस इतकी वाढते की भयच उणावते.

सुझॅना क्लार्क यांची ‘पिरानेसी’ (२०२०) आम्हांस अधिक रुचली. पुतळ्यांनी भरलेल्या अगणित दालनांत समुद्राची भरती शिरते. नायक तेथील १३ अनोळखी मृतांच्या अस्थी सांभाळतो, त्यांना कमळे व अन्न वाहतो. रहस्य चतुर वाचकास लवकर उमगते, हा दोष खरा. तरीही २०२१ साली तिला मिळालेले ‘विमेन्स प्राइझ’ योग्यच होय.

वाचकहो, मुलांच्या हाती असे पुस्तक दिसताच ते हिरावून घेऊ नका. वाचून मनात काय उरले, एवढेच विचारा. नुसता शहारा उरला, तर पुस्तक सामान्य समजावे; अनोळखी मृतांविषयी माया उरली, तर ते घरात जपून ठेवावे.