माळवदावरची माती

आमच्या मराठवाड्याला समुद्र नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीची दृश्ये टीव्हीवर पाहताना नांदेडच्या आमच्या घरात कुणीतरी म्हणालेही, "बरंय, आपण इतके आत आहोत." मी गप्प बसलो. मला १९९२ चा ऑक्टोबर आठवत होता.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. किल्लारीच्या बाजूला जमीन गुरगुरत होती, लोक रात्री अंगणात झोपत होते. त्या भागातला एक शेतकरी माझ्या टेबलापाशी आला. "साहेब, भुई हालायलीय. माळवद उतरून पत्रं टाकावं म्हणतो. काही कर्ज मिळतंय का?" मी नियम सांगितला. विहिरीला आहे, बैलजोडीला आहे, घराला नाही. तो नमस्कार करून गेला. थंडी पडली, धक्के विरळ झाले, माणसे पुन्हा घरात निजू लागली.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. रिश्टर मापावर सहाच्या थोडा वर, म्हणजे जगाच्या हिशेबात काही फार मोठा नव्हे. तरी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली. मारले ते घरांनी. दगड-मातीच्या रुंद भिंती, दोन थर आरपार बांधणारा लांब दगड नाही आणि वर गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे चढवलेली माती. त्या शेतकऱ्याच्या खात्यावर पुढे वारस म्हणून पुतण्याने सही केली. घरात दुसरे कुणी उरले नव्हते.

नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते. पण त्याचा अर्ज लिहून घेऊन वर पाठवायला मला कुणी अडवलेही नव्हते.

इंडोनेशियात सिमेलुए नावाचे बेट आहे. तिथे १९०७ साली त्सुनामी आली होती. तेव्हापासून आज्या नातवंडांना सांगत आल्या की जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला, की डोंगराकडे पळा. २००४ साली ते बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होते. वस्ती सुमारे ऐंशी हजार, पण मृत्यू बोटांवर मोजण्याइतके. ना भोंगा, ना यंत्र, फक्त आठवण.

आपण काय आठवले? २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीकडे साडेचार मापाचा धक्का बसला, नांदेडही हलले. आम्ही बाहेर आलो, शेजाऱ्यांशी बोललो, आत जाऊन चहा घेतला. अगदी १९९२ सारखेच!

छोटा धक्का मोठ्याची नांदी असतोच असे नाही, आणि भूकंपाची वेळ शास्त्रज्ञांनाही सांगता येत नाही. म्हणून तर आकाशाकडे न पाहता आढ्याकडे पाहायचे. जुने माळवद असेल तर माती कमी करा. नवे घर बांधताना चारही भिंतींना कवेत घेणारी सिमेंट-सळईची पट्टी गवंड्याकडून आग्रहाने घालून घ्या. निजायच्या जागेवरच्या फळीवरून जड ट्रंक खाली उतरवा. आणि ३० सप्टेंबरला शाळाशाळांतून श्रद्धांजलीबरोबर एकदा शाळा रिकामी करण्याचा सरावही होऊ द्या.

यातल्या पुष्कळ गोष्टींना कर्ज लागत नाही. लागलेच, तर समोरच्या टेबलावरच्या माणसाने निदान अर्ज लिहून घ्यावा.