सॉफ्टवेअर बनविणारा दोषी की वापरणारा?

कापडाच्या धंद्यात सुई-कात्रीइतकेच आता संगणकाचे महत्त्व झाले आहे. भरतकामाची यंत्रे संगणकावर चालतात, साडीची नक्षी फाइलमधून छापली जाते. आपल्या नांदेड-लातूरकडची मुले अभियांत्रिकी शिकून मोबाइलची अॅप्स बनवू लागली आहेत. म्हणून एक सवाल आम्हा व्यापाऱ्यांच्याही दारात येऊन उभा आहे. एकाने सॉफ्टवेअर बनविले आणि वापरणाऱ्याने त्यातून दुसऱ्याचे गाणे, चित्रपट किंवा नक्षी चोरली, तर गुन्हेगार कोण?

आम्ही आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. दुकानदार कापड कमी मोजत असेल, तर त्याला गज विकणारा त्या पापाचा धनी नाही. मात्र त्याने मुद्दाम आखूड गज बनवून विकला, तर तोही तितकाच लबाड. 2009 च्या वैध मापन कायद्यातही खोटे माप वापरणाऱ्याप्रमाणे ते बनवून विकणाऱ्याला शिक्षा आहे.

1957 च्या कॉपीराइट कायद्याचा रोखही असाच आहे. कलम 63 प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग करणारा आणि त्याला तसे करण्यास प्रवृत्त करणारा, दोघेही 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंडास पात्र ठरतात. यात ‘जाणूनबुजून’ हा शब्द लाखमोलाचा आहे.

अमेरिकेत व्हिडिओ रेकॉर्डर बनविणाऱ्या सोनी कंपनीवर चित्रपट कंपन्यांनी दावा लावला होता. त्या यंत्राचे सरळ उपयोगही पुष्कळ आहेत, असे म्हणून 1984 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सोनीला मोकळे केले. पण 2005 साली ग्रोक्स्टर या सॉफ्टवेअरच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बजावले की, चोरीला उत्तेजन देऊन गिऱ्हाईक जमविणाऱ्याला जबाबदार धरता येते.

आपल्याकडे टी-सीरिजने मायस्पेसवर दिल्लीत दावा केला. 2011 साली एका न्यायाधीशांनी निकाल मायस्पेसच्या विरोधात दिला. डिसेंबर 2016 मध्ये खंडपीठाने तो फिरविला. लोकांनी कोणती गाणी चढविली याची नेमकी माहिती नसताना कंपनीला दोषी धरता येत नाही, पण तशी माहिती मिळाल्यावर तिने माल काढलाच पाहिजे, असे ठरले. 2013 च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे रीतसर लेखी तक्रार आल्यावर 36 तासांत तो माल बंद करावा लागतो. 21 दिवसांत कोर्टाचा हुकूम आला नाही, तर तो पुन्हा सुरू करता येतो.

स्वतःच माल पुरविणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स कंपनीच्या दाव्यात विंक या गाण्यांच्या अॅपच्या विरोधात निकाल दिला. तेथे गाणी गिऱ्हाइकाने नव्हे, अॅपनेच दिली होती.

आमच्या मते ‘माहिती असेल तरच जबाबदारी’ हा नियम लहान माणसाच्या हिताचा आहे. मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. लातूरच्या गंजगोलाईजवळ दोन खोल्यांत काम करणाऱ्या मुलाला अनोळखी वापरणाऱ्यांच्या चोरीपायी दावा सोसावा लागला, तर एका नोटिशीत त्याच्या दुकानाला कुलूप लागेल. परंतु तक्रार हाती आल्यावरही डोळेझाक करणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. चोरीचा तागा आहे हे कळूनही तो दुकानात ठेवणारा साव कसा?

तेव्हा मुलांनो, अॅपमध्ये तक्रारीचा पत्ता ठळक द्या, आलेल्या तक्रारीची तारीख लिहून ठेवा आणि ‘सर्व काही फुकट’ अशी जाहिरात करू नका. कारखानदार बंधूंनो, चोरीचे आहे हे ठाऊक असूनही सॉफ्टवेअर वापरले, तर कलम 63ब थेट तुम्हालाच लागू होते. तेथे ते बनविणाऱ्याकडे बोट दाखवून सुटका नाही. आणि नवी नक्षी बाजारात आणण्यापूर्वी 2000 च्या डिझाइन कायद्याखाली तिची नोंदणी करा. नोंदणी न करता यंत्रावर 50 पेक्षा जास्त नग काढले, की त्या नक्षीवरचा कॉपीराइट संपतो. मग शेजाऱ्याने नक्कल केली, तर कोर्टात उभे राहायलाही जागा उरत नाही.