आडरस्त्यांच्या बाजूने

मराठी वाचकाने युरोप पाहिला तो आधी प्रवासवर्णनांतून. १९६० साली ‘अपूर्वाई’ आले आणि ज्यांनी मुंबईही धड पाहिली नव्हती अशांच्या घरात लंडन-पॅरिस येऊन बसले. आता ते काम पुस्तकाकडे उरलेले नाही. फ्रान्सच्या खेड्यांतून जाणारा एखादा अरुंद डांबरी रस्ता, दुतर्फा झाडांची रांग, पलीकडे द्राक्षांचे मळे आणि मधोमध पिशव्या बांधलेली एकटी सायकल, असे छायाचित्र दिवसाला दहादा डोळ्यांसमोरून जाते. ते पाहून आपल्याकडचा माणूस ठरलेला उसासा टाकतो : ‘असे रस्ते आपल्याकडे कुठले!’

आमचे भांडण या उशाशाशी आहे. असे रस्ते आपल्याकडे आहेत; आणि ते सह्याद्रीच्या घाटात किंवा कोकणच्या किनाऱ्यावरच आहेत असे नव्हे, तर ज्याचे नाव बातम्यांत दुष्काळ आणि सोयाबीनचे भाव यांपलीकडे सहसा येत नाही, त्या हिंगोली जिल्ह्यात आहेत. उणीव रस्त्यांची नाही. शांत रस्ता हे काही मूल्य असते, ते जपावे लागते, ही जाणीव आपल्यापाशी नाही.

फ्रान्समधली शांतता निसर्गाने बहाल केलेली आहे, हा पहिला गैरसमज. तिथे ती घडवली गेली. सेंत-एतिएन या कारखान्यांच्या गावी राहणारा पोल द व्हिव्ही (१८५३–१९३०) ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने सायकलीवर मासिक चालवी. सायकल ही शर्यतीची वस्तू नसून देश पाहण्याचे साधन आहे, हे त्याने आयुष्यभर मांडले. त्याच्या पिढीने सायकलने फिरण्याला एक शब्द दिला आणि एक प्रतिष्ठा दिली. पुढे नकाशांनी साथ केली. मिशलँ ही टायर बनवणारी कंपनी. पण तिच्या नकाशांत देखण्या रस्त्यांच्या कडेने हिरवी रेघ असे. कुठून लवकर पोचाल हे सांगणारा नकाशा, कुठून जाणे सुंदर आहे हेही सांगू लागला. तिथल्या जिल्हा-रस्त्यांचे जाळे सुमारे ३ लाख ८० हजार किलोमीटरांचे आहे. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर राखावे असा तिथे कायदा आहे. २०१८ साली दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ९० वरून ८० किलोमीटर केली गेली. त्यावर मोठा वाद झाला, काही जिल्ह्यांनी ती पुन्हा वाढवली, पण वाद झाला हेच महत्त्वाचे. लुआर नदीच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आखला गेला, तोही जुने छोटे रस्ते आणि वाटा एकमेकांना जोडूनच. म्हणजे आपण ज्याला निवांतपणा समजतो तो प्रत्यक्षात निर्णय, पाट्या, देखभाल आणि कायदा यांचा परिपाक आहे. अर्थात त्या शांततेला एक दुखरी बाजूही आहे. तिथली कित्येक खेडी ओस पडली, म्हणूनही रस्ते निवांत झाले. हे विसरून त्या चित्राचे कौतुक करू नये.

आता हिंगोलीकडे वळू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. उत्तरेला पैनगंगा, मधून कयाधू, दक्षिणेला पूर्णा. पूर्णा–अकोला रेल्वेमार्गावर ‘हिंगोली डेक्कन’ हे स्थानक आहे. निजामी मुलखाची ती नाममात्र खूण. अकोल्याहून वाशिम-हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गेल्या काही वर्षांत चौपदरी झाला. जिल्ह्याची वर्दळ त्याच्यावर. पण कोणत्याही फाट्यावर त्याला सोडावे, की मैलाच्या दगडाचा माथा पिवळ्याचा हिरवा किंवा केशरी होतो आणि देश बदलतो.

कयाधूच्या काठी नर्सी, जे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. तिथून औंढ्याकडे येताना काळी सपाट जमीन हळूहळू माळ आणि टेकड्यांना जागा देते. औंढा नागनाथाच्या यादवकालीन देवळाभोवती रानाची झालर आहे. त्याच तालुक्यात पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरण. पूर्वेला कळमनुरीकडून यवतमाळच्या सीमेवरील इसापूर धरणाकडे गेले, की जलाशयाच्या कडेने पाणपक्ष्यांची सोबत मिळते. दिवाळीनंतरचे तीन महिने हे या रस्त्यांचे खरे दिवस. सुरुवातीला तूर पिवळी फुललेली असते. पुढे हरभरा आणि ज्वारी. आणि हिवाळा सरता सरता हळद शिजवण्याचे दिवस येतात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी वाचकांनी वाचली असेल. पण शिजत्या हळदीचा तो ओला, मातकट दरवळ मोटारीच्या बंद काचेतून आत येत नाही. त्याच्यासाठी ताशी पंधरा किलोमीटरचाच वेग लागतो.

या रस्त्यांचा स्वभावही पाहण्यासारखा आहे. सुगीत अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळत पडलेले असते. कडेला दगड मांडलेले असतात, त्याबाहेरून जायचे. महामार्गाच्या कायद्याने हा अडथळा. आडरस्त्याच्या रीतीने तो शेजाऱ्याचा खळा. बैलगाडी, शेळ्या, शाळकरी पोरे आणि सायकल या सगळ्यांचा रस्त्यावर सारखाच हक्क आहे असे मानणारी ही शेवटची जागा असावी.

याच मुलखातून शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते : रिसोड, सेनगाव, नर्सी, औंढा, जवळा बाजार, मग परभणी. म्हणजे शांत रस्त्यांची ओळख आपल्याला परदेशी छायाचित्रांनी करून द्यावी अशी काही आपली दैना नाही. मराठी गद्याच्या आरंभकाळातच ‘स्थानपोथी’ आहे. मुनिव्यासांच्या नावावरचा हा चौदाव्या शतकातला महानुभाव ग्रंथ चक्रधरांच्या भ्रमणातली ठिकाणे नोंदवतो. कोणते गाव, कोणत्या नदीच्या कोणत्या काठाला, देऊळ कोणत्या तोंडाचे, स्वामी कुठे बसले, हे सारे त्यात आहे. भक्तीपोटी लिहिलेले असले तरी ते रस्त्यांचे आणि जागांचे काटेकोर टिपण आहे. ज्या भाषेने सातशे वर्षांपूर्वी हे केले, तिच्यात आज औंढा ते सिद्धेश्वर रस्त्यावर पाणी कुठे मिळते, सावली कुठे आहे, चढ कुठे लागतो याची चार ओळींची नोंद सापडू नये, याला काय म्हणावे?

आणखी एक गंमत पाहा. औंढ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात मांडलेल्या चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म असा होणारा बदल मोजायचा. जवळून गेलेला ट्रकसुद्धा अशा यंत्राला गोंधळात पाडू शकतो. देशभर जागा धुंडाळल्या गेल्या आणि औंढ्याची निवड झाली, तिच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणजे इथली जमीन कमी थरथरते. दुसऱ्या शब्दांत, हिंगोलीची शांतता ही राष्ट्रीय संपत्ती आहे हे शास्त्रज्ञांनी मोजून सिद्ध केले. ताऱ्यांच्या टकरी ऐकण्यासाठी जी शांतता मोलाची ठरते, ती शाळेत जाणाऱ्या मुलीच्या कामाची नाही काय?

कारण या रस्त्यांवरची खरी सायकलस्वार तीच आहे. हौशी मंडळी हेल्मेट घालून हिवाळ्यात चार दिवस येतील आणि जातील. तिला वर्षभर जावे लागते. मानव विकास मिशनमधून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकलीसाठी साहाय्य मिळते. योजना चांगली आहे. पण सायकल दिली म्हणजे रस्ता दिला असे होत नाही. ज्या मुलीची वाट चौपदरी महामार्ग ओलांडून जाते, तिच्या आईने ती सायकल पडवीत उभी करून ठेवली तर तिला अडाणी कसे म्हणावे? २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्या आईला हा आकडा ठाऊक नसेल, त्याचा अर्थ ठाऊक आहे.

यावर येणारा आक्षेप आम्हांला माहीत आहे, आणि तो हलका नाही. ‘तुमची ही शांतता म्हणजे आमचे मागासलेपण. रस्ता अरुंद म्हणून रुग्णवाहिका उशिरा येते, ऊस आणि हळद बाजारात पोचत नाही. तुम्ही शहरातून यावे, उसासे टाकावेत आणि आम्ही खड्ड्यांत राहावे, असा हा सौदा दिसतो.’ शांतता जिथे दुर्लक्षातून आलेली असेल, तिथे हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. खड्ड्यांचा रस्ता शांत नसतो, तो फक्त रिकामा असतो. पण चांगला रस्ता म्हणजे रुंद रस्ता, हे समीकरण कोणी सिद्ध केले? प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली; तिच्यातल्या रस्त्याचा डांबरी पट्टा साधारण पावणेचार मीटरांचा. तो नीट राखला तर रुग्णवाहिकाही जाते आणि सायकलही. दुखणे रुंदीत नाही, देखभालीत आहे. पाच वर्षांची ठेकेदाराची जबाबदारी संपली की बहुतेक ठिकाणी रस्त्याला कोणी वाली उरत नाही. मग तो उखडतो. आणि मग त्यावरचा एकमेव उपाय म्हणून रुंदीकरण पुढे येते, ज्यात कडेची कडुलिंबे आधी जातात.

एकीकडे ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, ज्यावर दुचाकीलाही मज्जाव आहे. प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाच्या आराखड्यात हिंगोलीचेही नाव आले आणि शेतकऱ्यांचा विरोध सुरू झाला. वेगवान रस्ते हवेत की नकोत, हा वाद इथे आम्ही काढत नाही. मात्र जड वाहतूक त्यांच्यावर गेल्यावर मागे उरणाऱ्या रस्त्यांचे काय करायचे, हा प्रश्न कोणीच विचारत नाही. तो फ्रान्सने विचारला, एवढाच आपल्यात आणि त्यांच्यात फरक.

मागणे मोठे नाही. फाट्यावर गावाचे नाव आणि अंतर दाखवणारी वाचता येईल अशी पाटी. डांबराच्या कडेची साइडपट्टी मातीने समतल भरलेली. शाळेच्या वाटेवर महामार्ग ओलांडायला भुयारी मार्ग. उभ्या झाडाला हात लावण्यापूर्वी देखभालीचा हिशेब. आणि शेवटी, लिहिणाऱ्यांकडून एक नोंद. नर्सी, औंढा, सिद्धेश्वर, इसापूर : कुठे वळायचे, कुठे थांबायचे, कोणत्या महिन्यात जायचे. यांतल्या पहिल्या चार गोष्टींसाठी शासनाच्या दारी जावे लागेल. पाचवीसाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही, आणि ज्या रस्त्याची नोंदच नाही त्याच्या बाजूने उद्या कोणी बोलू म्हटले तरी बोलता येणार नाही.